दाबलेलं गवत

समुद्राच्या कडेनं जंगलातून जाणाऱ्या रस्त्यानं मी आणि दादा सायकलवर निघालो होतो. पहिल्याच मुक्कामात मी तंबूची एक खुंटी हरवली. "धांदरट कुठली!" म्हणत दादानं त्या कोपऱ्याची दोरी एका दगडाला बांधली.

दुसऱ्या संध्याकाळी झाडीत मोकळी जागा सापडली, तर तिथलं गवत आधीच दाबलेलं. आमच्या तंबूएवढाच चौकोन. तीन कोपऱ्यांना खुंट्यांची भोकं, चौथ्याला दगड. मध्ये दोन माणसं झोपून उठल्यासारखे दोन खळगे.

"बघ, तुझ्यासारखंच कुणीतरी वेंधळं पुढे गेलंय," दादा हसला. मीही हसले. पण ओल्या मातीच्या त्या रस्त्यावर दिवसभरात आमच्यापुढे चाकाची एकही खूण दिसली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम रस्ता सोडला. सायकली ढकलत, काट्यांतून ओरबाडून घेत एका टेकाडावर चढलो. इथे कोण कशाला मरायला येतंय!

चौकोन होता. दगडही होता. गवत हाताला अजून कोमट लागत होतं.

खळगा मात्र एकच होता, डाव्या बाजूला.

दादा हसला नाही. त्या खळग्याकडे बघत हळूच म्हणाला, "तू तंबूत कुठल्या बाजूला झोपतेस गं?"