गाडी नसलेलं बेट

बेटावर एकही गाडी नाही, हे ऐकूनच अभिमननानांनी तिकिटं काढली. तीन वर्षांपूर्वी धुळ्याहून मोटरसायकलवर येताना त्यांचा मुलगा ललित अपघातात गेला. तेव्हापासून मेहरूणला त्यांच्या घराच्या गल्लीत संध्याकाळी गाडी वाजली, की त्यांची बायको ताईबाई तव्यावरची भाकरी सोडून दार उघडायला धावायची. नानांना ते बघवायचं नाही. इथं मात्र माडांखाली वाळूत ती दोन दिवस शांत बसली. नानांना वाटलं, चला, बाई सावरली. तिसऱ्या संध्याकाळी तिनं पिशवी भरली. “घर चाला.” “का वं, आठे बरं वाटत नही का?” “बरं वाटस ना. पन तठे गाडी वाजनी का वाटस, ललित घर उना. आठे कोन येई?” नाना बोटीची वेळ विचारायला उठले. गल्लीत गाडी वळली की तिच्याआधी आपणच कान टवकारतो, हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं.