हातभरावर पाणी

स्वच्छता अभियानाच्या साली मुलचेऱ्याजवळच्या आमच्या टोलीत घरोघरी सांडपाण्याचे शोषखड्डे खणले. आठ दिवसांत सगळे तुंबले, एक धनराजचा सोडून. धनराजचा जन्म मासे धरण्यात गेलेला, त्याला रेती कळायची. त्यानं नाल्याचा काठ बघून खड्डा खणला होता. "कितीबी टाका, पिऊन घेते," तो म्हणायचा. मग सगळ्या टोलीनं आपापल्या मोरीचं पाणी त्याच्याच खड्ड्यात सोडलं.

मे महिन्यात विहीर आटली, हातपंप नुसती हवा ओढू लागला. बाया कोरड्या नाल्याच्या रेतीत झिरे खणून थकल्या. चौथ्या दिवशी धनराजच्या बायकोला, गोकुळाला, आपल्या घराच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या रेतीत हातभरावरच पाणी लागलं. गुंड-घागरी घेऊन बायांची रांग लागली.

ओठ सुकलेल्या आपल्या रिंकूला गोकुळानं पहिली ओंजळ दिली. पोरीनं तोंड वाकडं केलं.

"माय, पाण्याले साबणाचा वास येऊन राह्यला."

गोकुळानं मागच्या रांगेकडे पाहिलं.



"पिऊन घे. अन् हळू बोल, साऱ्या बायाइले भरू दे."