पडद्यावरचे ओठ

वीस वर्षं नाटकात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचायचा. मग मी मूकपटांत गेलो. कॅमेऱ्यापुढेही सवयीने जुन्या नाटकांतली वाक्यंच म्हणायचो, ऐकतंय कोण?

माझी धाकटी बहीण लहानपणी तापात बहिरी झालेली. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखते. माझा पहिला चित्रपट पाहून तिने विचारलं, "दादा, तू सारखं 'मला इथून बाहेर काढा' असं का म्हणतोस?"

"असलं काही म्हटलंच नाही गं, चिमे," मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या चित्रपटातही तिला तेच दिसलं. तिसऱ्यात मी हट्टाने तोंड मिटून काम केलं. दिग्दर्शक खेकसला, "अहो, दातखिळी बसली का?"

आज तो चित्रपट लागला. आम्ही दोघं पुढेच बसलो. पडद्यावर माझे ओठ हलत होते.

पडद्याच्या उजेडात तिला दिसेल असं तोंड वळवून मी विचारलं, "काय म्हणतोय?"

तिने माझ्या हातातला हात हळूच सोडवून घेतला.

"मला विचारतोय," ती म्हणाली, "चिमे, तुझ्या शेजारी हा कोण बसलाय?"