भाव न करणाऱ्या बाया

अकोल्याच्या बाजारात त्या लिंबूवालीशी मी कधीच भाव केला नाही. तिच्या मांडीवर माझ्या लेकीएवढीच, आठ महिन्यांची पोर असायची. आपली तेवढीच मदत, असं वाटायचं. मे महिन्यातल्या त्या दुपारी पोरीचे गाल लालबुंद झाले होते, अंग चटका बसावा इतकं तापलेलं. "अगं, हिला घरी का नाही ठेवत?" "मले काय हौस हाये, ताई? घरी कूलर हाये, सासूबी हाये. पन पोरगी मांडीवर असली की तुमच्यासारख्या बाया भाव करत नाहीत." माझा हात पिशवीतच राहिला. "उद्यापासून घरी ठेव हिला. मी भाव करणार नाही." "तुमी नाई करसान. बाकीच्यायचं काय?" मी बाटलीतल्या पाण्याने ओढणी भिजवून पोरीच्या डोक्यावर पांघरली. ते पाहून दोन बाया थांबल्या आणि भाव न विचारताच लिंबं निवडू लागल्या.