होकाराचा कहवा

"आधी हिच्या हातचा कहवा. मग काय ते बोलू," अबू गानिम लोडाला टेकून म्हणाला.

नूरुद्दीनने बखिताकडे पाहिलं. ती दारातच उभी होती. जन्म या घराच्या चुलीपाशी गेलेला. एकोणीसशे त्रेसष्ट साली आखातातल्या शेखांनी गुलाम बाळगायला बंदी केली, तेव्हा अबू गानिमने तिला एका सकाळी 'जा' म्हटलं. कुठं जा, ते नाही सांगितलं. ती खाडी ओलांडून पलीकडच्या देरा वस्तीत आली आणि मरियमबीच्या खाणावळीत भाकऱ्या भाजू लागली. दाभोळचा नूरुद्दीन तिथं जेवायचा. खाडीकाठी लाँचा दुरुस्त करणारा सुतार. दोघांचं जमलं.

अडलं काझीपाशी. निकाहाला नवरीच्या बाजूनं होकार देणारा वली लागतो, बाप नाहीतर भाऊ. बखिताला दोन्ही ठाऊक नव्हते. कळत्या वयाआधीच तिला कुठल्याशा बंदरावर विकलं होतं. काझी म्हणाला, "मग ज्यानं सोडलं, तोच तिचा वली." वलीशिवाय निकाह नाही, हे नूरुद्दीन दाभोळपासून ऐकत आला होता. वाद घालायला तोंड नव्हतं. म्हणून सुटलेल्या बाईला तिच्या जुन्या मालकाकडे मागायला तो आज आला होता.

बखिता आत गेली. वेलची कुठं, निखारे कुठं, काही विचारावं लागलं नाही. डाव्या हातात लांब चोचीची पितळी किटली, म्हणजे दल्ला, उजव्या हातात बिनकानाचे इवले कप घेऊन ती बाहेर आली. तिनं ती बिनदुधाची कडू कॉफी घोटभर ओतली आणि ती उभी राहिली. तिकडची रीतच तशी. पिणारा 'पुरे' म्हणून रिकामा कप हलवत नाही तोवर ओतणाऱ्यानं बसायचं नाही, आणि कप पुढे आला की भरायचा.

अबू गानिमने कप पुढे केला. पुन्हा पुढे केला. मधेच वाऱ्याबद्दल बोलला, मग आता कुणी विचारत नाही त्या मोत्यांबद्दल. म्हाताऱ्याला कसलीही घाई नव्हती.

नूरुद्दीनने आपला कप एका घोटात संपवला आणि लगेच हलवला. तिला असं उभं बघवत नव्हतं.

"एकच?" अबू गानिम हसला. "माझ्या घरी पाहुणा एका कपावर उठत नाही. की हिच्या हातचा आवडला नाही? मग निकाह कशाला करतोस, हबीबी?"

गरजवंताला अक्कल नसते. नूरुद्दीनने हलवलेला कप पुन्हा पुढे धरला. बखिताने भरला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मग त्यानं आणखी एक घेतला, म्हाताऱ्याच्या गप्पांवर हसलाही.

दल्ला रिकामा झाला, तसा तिनं आत जाऊन भरून आणला आणि ती पुन्हा उभी राहिली. शेवटी तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली, तेव्हा अबू गानिमने कप हलवला.

"दिली," तो म्हणाला. "काझीला सांग, उद्या येतो. घरचीच आहे ती."

नूरुद्दीनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

बाहेर उन्हाचा चटका तसाच होता. नूरुद्दीनचे पाय मात्र जमिनीवर नव्हते. "खलास! झालं एकदाचं. मला वाटलं, म्हातारा नाहीच म्हणतो. आता मरियमबीला सांगू, उद्या बिर्याणी टाक म्हणून." तो खाडीपर्यंत बोलत राहिला. बखिता दोन पावलं मागून चालत होती.

काठाशी ती म्हणाली, "तो लवकर कप हलवणार नाही, हे मला माहीत होतं. त्याला मी उभीच आवडते."

"जाऊ दे गं. आता सुटलीस त्याच्यापासून."

"त्याचं नाही विचारत मी." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तू एकदा हलवला होतास. मग परत का धरलास?"

सांगण्यासारखं खूप होतं. काझी, वली, उद्याचा निकाह.

नाववाला "यल्ला, यल्ला" ओरडत होता. नूरुद्दीन नावेत उतरला आणि वळून त्यानं तिच्याकडे हात पुढे केला.

बखिता काठावर उभीच राहिली.