झाकून ठेवलेलं पिंप

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात सहकारी कारखान्याच्या वर्कशॉपात पुण्याहून एक मशीन आलं. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं त्याच्या टाकीतलं पाणी थरथरायचं आणि ट्रॅक्टरचे काजळी धरलेले जुने नोझल नव्यासारखे लख्ख निघायचे. "आता एकही पार्ट फेकायचा नाही," साहेब म्हणाले. "पाणी मात्र रोज फेकायचं. त्यात जहरी औषध असतं."

गावात आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा. तिथं पाणी मातीत ओतायला मशीन चालवणाऱ्या उत्तरेश्वरचा हात धजेना. फरशी धुवायला होईल म्हणून त्यानं ते वर्कशॉपच्या मागं एका पिंपात साठवलं. जनावरानं तोंड घालू नये म्हणून वर नीट झाकणही ठेवलं.

शनिवारी तो घरी आला, तेव्हा बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी काचेसारखं नितळ होतं.

"कस्तुरा, आज टँकर आला व्हता का गं?"

"टँकर कुठला, अवो! तुमच्या वर्कशॉपच्या मागं झाकून ठेवलेलं पिंप घावलं. गढूळ व्हतं, पर तुरटी फिरवली."

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला.



"प्या की तुमी. लेकरान्ला सकाळीच पोटभर पाजलं."