दिव्याची टोपी

"लाव की गं दिवा! का मुहूर्त बघतीस?" असं म्हणत कुसुमताईनं स्वतःच उठून बटण दाबलं.

कोपऱ्यातल्या तिवईवरचा दिवा उजळला आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या बायका एकदम "अगं बाई!" म्हणाल्या. दिवाळीत कारखान्यानं चाळीला वीज दिली, तेव्हापासून सगळ्यांच्या खोलीत उघडा बल्ब लोंबत होता. दिव्याला टोपी फक्त मंजुळाबाईच्या घरी. जुन्या बाजारातला तारेचा सांगाडा, त्यावर घट्ट शिवलेलं जाड पांढरं कापड आणि कापडभर लाल-पिवळी झेंडूची फुलं. रंग तळवड्याच्या माहेरचा, बैलांची शिंगं रंगवून उरलेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारजणींनी बघावं, म्हणून तर ती दुपारच्या दुपारी खपली होती.

"कापड कुठलं गं?" कुसुमताईनं विचारलं.

"पुण्याचं," मंजुळाबाई चटकन म्हणाली.

दिव्याला लागूनच रंभा बसली होती. तिच्या नवऱ्याला, ज्योतीरामला, गेल्या महिन्यात कारखान्याच्या फाटकावर पकडलं होतं. रसायन गाळायच्या कापडाचा हातभर तुकडा त्यानं कमरेला गुंडाळला होता, बाळाच्या दुपट्यासाठी. नोकरी गेली, आता खोलीही सोडायची होती. आणि फाटकावर झडती घेणारे जमादार म्हणजे मंजुळाबाईचेच यजमान, दौलतराव. रंभाला बोलवायचं तरी कसं, याचा मंजुळाबाईला घोर लागला होता. पण रंभा आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "भावजींचा काय दोस, ताई? त्यांनी त्यांचं काम केलं. आमच्याच घरधन्याचं चुकलं."

ते ऐकून मंजुळाबाईच्या जिवात जीव आला होता. आता ती कुंकू लावायला रंभासमोर वाकली, आणि तिची नजर टोपीवर गेली.

सगळ्यात मोठ्या झेंडूच्या पोटात काळा गोल उमटला होता. गोलात चाक. कारखान्याचा शिक्का. बायकांना अक्षर येत नव्हतं, पण हा गोल प्रत्येकीच्या नवऱ्याच्या बिल्ल्यावर होता. मंजुळाबाईनं त्यावर रंगाचे हातावर हात दिले होते, अगदी दिसेनासा होईपर्यंत. पण रंगवलं ते दिवसाउजेडी. सगळा जन्म चिमणीच्या उजेडात गेलेला, त्यामुळे हा उजेड कापडाच्या आतून येणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. रंभाही गोलाकडेच बघत होती.

"थांब, मला जवळनं बघू दे," म्हणत कुसुमताई पुढे सरकली.

रंभानं हात लांबवला आणि टोपी हळूच फिरवली. गोल भिंतीकडे गेला.

"लांबनंच ब्येस दिसतंय," ती म्हणाली. "जवळ गेलं की डोळं दिपत्यात." मग मंजुळाबाईकडे वळून तिनं कपाळ पुढे केलं. "लावा की, ताई."

मंजुळाबाईनं कसंबसं कुंकू लावलं. ते वाकडं लागलं. पुसून पुन्हा लावायचंही तिला सुचलं नाही. वाण देताना तिची मान वर झाली नाही. बायका अजून फुलांचंच कौतुक करत होत्या आणि त्यांचा एकेक शब्द तिला नकोसा झाला होता.

तेवढ्यात दौलतराव पाळी संपवून आले. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले आणि त्या उठल्या. दौलतराव दाराच्या एका अंगाला उभे राहिले, फाटकावर राहतात तसेच. "मग? दिवा पसंत पडला का?" त्यांनी हसून विचारलं.

"झ्याक हाय," म्हणत एकेकजण त्यांच्यासमोरून बाहेर पडली.

रंभा शेवटी होती. उंबऱ्याशी ती थांबली. तिनं पदराची गाठ सोडली आणि आतला तिळगूळ दौलतरावांच्या पुढे धरला.

"बघून घ्या, भावजी. येवढंच न्हेतीया."